बिगुल पथकाचं साखळी धरणं

आमच्या घरात वर्तमानपत्र नंतर आलं, पत्रकं आधीपासून होती. बाबा शिक्षक. शाळा सुटली की ते कुणाच्या तरी बाजूनं नाहीतर कुणाच्या तरी विरोधात उभे असत, आणि वाटून उरलेली पत्रकं गठ्ठ्यानं घरी येत. आई ती डब्यांखाली अंथरायची, माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं घालायची, बाबांची भाकर त्यातच बांधायची. जोडाक्षरं मी ‘धिक्कार’ आणि ‘निष्क्रिय’ या शब्दांवर शिकले. त्याचा परिणाम असा की मला साधं काही लिहिताच येत नाही. मैत्रिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या तरी शेवटी तिच्याकडून काहीतरी तातडीनं मागितलं जातं.

हे सांगायचं कारण, गावातलं बिगुल पथक ओस पडलं तेव्हा माणसं बोलावण्याचं पत्रक माझ्याकडे आलं.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून आत. पथक उभं केलं होतं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते फौजेत बिगुल वाजवायचे. निवृत्त होऊन गावी आले ते एक बिगुल आणि एक आवाज घेऊन. आवाज असा, की त्यांनी ‘पाणी दे’ म्हटलं तरी समोरचा आधी टाचा जुळवायचा. त्यांनी गावातली पोरं धरली, ग्रामपंचायतीमागची पत्र्याची खोली मिळवली, तिच्यात बिगुल, साईड ड्रम, झांजा आणि एक मोठा ड्रम आणून ठेवला. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला प्रभातफेरीच्या पुढे हे पथक असायचं. लाल टोप्या, पांढरे मोजे. मी सहावीत असताना साईड ड्रम गळ्यात अडकवला. पथकातली पहिली मुलगी मी. तेव्हा एका आजोबांनी मास्तरांना विचारलं होतं, “पोरीले कायले ढोल दिला?” मास्तर म्हणाले, “तिचा हात चालते म्हणून. तुमचं तोंड चालते, तुमाले बिगुल देऊ का?”

मग डीजे आला. गणपतीला डीजे, लग्नाला डीजे, बारशालाही डीजे. पोरं पुण्याच्या कंपन्यांत गेली, जी उरली त्यांना डीजेवाल्याच्या गाडीत बसून यवतमाळपर्यंत फिरायला मिळायचं. पथकात राहिलो चौघं. मास्तर बिगुलावर, मी साईड ड्रमवर, शाळेचे शिपाई मोठ्या ड्रमवर आणि गावचे शिंपी झांजांवर.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला आम्ही चौघं निघालो. शाळेच्या वळणावर मुख्याध्यापकांनी शिपायाला हाक मारली, जिलेबी आली होती. शिपायानं ड्रम भिंतीला टेकवला आणि गेला. बाजारचौकात शिंप्याला कुणीतरी अडवून झेंडावंदनाच्या पायजम्याची नाडी कुठं आहे ते विचारलं. मागे वळून पाहिलं तर आम्ही दोघंच. मास्तर पुढे बिगुल वाजवत चाललेले, मी मागून ड्रम बडवत. याला पथक म्हणत नाहीत, पाठलाग म्हणतात. मुलं केव्हाच जिलेबीकडे वळली होती. मास्तर मात्र शेवटपर्यंत गेले, झेंड्यासमोर थांबले आणि मला एकटीला म्हणाले, “परेड, थम!”

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सरपंचांच्या यजमानांनी विषय काढला. आमच्या सरपंच बाई आहेत. सही त्या करतात, बोलतात त्यांचे यजमान. त्यांना सगळे भाऊ म्हणतात.

“मास्तर,” भाऊ म्हणाले, “तुमचं पथक आता चार माणसाचं. चार माणसं तर अंत्ययात्रेले लागतात. खोली मले व्यायामशाळेले पाहिजे.”

“पथक बंद नाई पडलं,” मास्तर म्हणाले.

“मंग दाखवा नं. येत्या सव्वीस जानेवारीले बारा माणसं उभी करा. बारा दिसले तर खोली तुमची. नाई दिसले तर ते पितळ न् ते पत्रे भंगारात टाकू आपण.”

सरपंच बाई शेजारच्या खुर्चीवर पदर सावरून बसल्या होत्या.

मास्तर दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर आले. बसले नाहीत. फौजेतला माणूस मागायला आला की उभाच राहतो. “पोरी, तू लिहितं नं? मले एक कागद लिहून दे. बारा माणसं येतीन असा.”

मी त्याच बैठकीत लिहिला. ‘जागे व्हा! किती दिवस गप्प बसणार?’ असा मथळा. गावाचा आवाज कुणी हिरावून घेतला, भाड्याच्या भोंग्यांनी आपली छाती कशी पोकळ केली, आपल्या फुप्फुसात अजून वारा आहे की नाही, असे तीन परिच्छेद. शेवटी, ‘येत्या सोमवारी सायंकाळी पाच वाजता ग्रामपंचायतीसमोरील मैदानात मोठ्या संख्येने उपस्थित राहा. आपले, बिगुल पथक.’ हे पत्रक मला आजही चुकीचं वाटत नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

दारव्ह्यातल्या छापखान्यात मालकानं ते वरून खाली वाचलं, पुन्हा खालून वर वाचलं, आणि चष्मा काढला.

“बाई, खाली मागण्या नाईत?”

“हे माणसं बोलवायचं पत्रक आहे.”

“ते असन. पण बिनमागण्याचं पत्रक बोडकं दिसते. तुमच्या बाबाचा एकही कागद मी बिनमागण्याचा छापला नाई. अन् खाली जागा उरून राह्यली, तिथं मी काय फुलं छापू?”

फुलं ही कल्पना मला सहन झाली नाही. मी तिथंच उभी राहून मागण्या लिहिल्या. पहिली मागणी मनातूनच आली. मुक्कामी गाडी. संध्याकाळी दारव्ह्याहून यायची, रात्री गावात थांबायची आणि पहाटे सहाला परत निघायची, ती आमची एसटी. टाळेबंदीत बंद झाली ती झालीच. तेव्हापासून कॉलेजच्या पोरी शेअर जीपच्या फळीवर लटकत जातात, आणि जीप भरली नाही तर जातच नाहीत. ‘मागणी क्रमांक एक : मुक्कामी गाडी पूर्ववत सुरू झालीच पाहिजे.’ मग नाली, मग शाळेचं छप्पर. जागा भरली. मालक म्हणाला, “आता कसं पत्रकासारखं वाटते.” गुलाबी कागदावर छापलं, कारण तोच शिल्लक होता.

आमच्याकडे पत्रक कसं वाचतात हे मला माहीत असायला हवं होतं. मथळा पाहतात, मधलं सोडतात आणि मागण्या वाचतात. मधल्या मजकुरात काय असणार ते सगळ्यांना जन्मापासून माहीत असतं.

सोमवारी पाचला मैदान भरलं. कापूस वेचून परतलेल्या बायका शेतातूनच थेट आल्या होत्या, डोक्याचे रुमाल न सोडता. कॉलेजच्या पोरी आल्या, तांड्यावरची माणसं आली, चहावाला किटली घेऊन आला. मास्तर ग्रामपंचायतीच्या पायरीवर बिगुल काखेत धरून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले.

“पोरी, पाह्य. एवढी माणसं बिगुल शिकाले!”

मी पाहिलं. माणसांनी सतरंज्या आणल्या होत्या. त्या अंथरल्या, चपला कडेला काढल्या आणि ओळीनं मांडी घालून बसली.

“परेड,” मास्तर गरजले, “सावधान!”

कुणी हललं नाही. पुढच्या ओळीत एक मावशी बसली होती. तिची मुलगी दारव्ह्याला बी.ए. करते. मावशीचा आवाज गावात मास्तरांच्या खालोखाल. ती म्हणाली, “सावधानच आहो आम्ही. साहेब कव्हा येते?”

“कोणता साहेब?”

“निवेदन घ्याले. आगाराचा येते का तहसीलचा?”

“कोणी येत नाई. उठा, ओळीत उभे राहा.”

“हे पाहा मास्तर,” मावशी म्हणाली, “आम्ही काही पहिल्यांदा धरण्याले बसलो नाई. साहेब येऊन कागद घेतल्याशिवाय उठलो तर मागणी कच्ची राह्यते.”

तेवढ्यात मोटरसायकल आली. आमच्या बीटचे जमादार, खिशात गुलाबी कागद. त्यांनी काठी हँडलला अडकवली आणि विचारलं, “आयोजक कोण? परवानगी घेतली का?”

“बिगुल वाजवाले परवानगी?” मास्तर म्हणाले.

“वाजवा नं, कोण नाही म्हणते. पण हे तर बसले आहेत.”

“मी तेच म्हणून राह्यलो! यांना उठवा!”

“बसलेल्या माणसाले उठवलं तर ती कारवाई होते,” जमादार म्हणाले. “मंग मले वरून विचारतीन, काहून उठवले?”

तोडगा बाबांनी काढला. ते मागे झाडाखाली बसून हे सगळं पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी सण आला होता. ते पुढे आले. धरण्याला आवाज लागतो, म्हणाले. घोषणांनी घसा बसतो, थाळ्या वाजवल्या तर थाळ्यांना पोचे पडतात. इथं तर ड्रम तयार आहेत, बिगुल तयार आहेत, मास्तर तयार आहेत. रोज पाच ते सहा, पाळीपाळीनं, मागणी मान्य होईपर्यंत साखळी धरणं, पण वाजवत. वाजवायला उभं राहावं लागतं एवढीच तडजोड.

मावशीनं शेजारणींशी डोकं लावलं. “चालते,” ती म्हणाली. “पण सुरुवातीले बसाचं. बसल्याशिवाय धरणं होत नाई.”

असं पथक पुन्हा सुरू झालं. मास्तरांच्या लेखी ते पथक होतं, गावाच्या लेखी धरणं, आणि जमादारांच्या लेखी ‘आंदोलन शांततेत सुरू’. मला दोन्हीकडून धन्यवाद मिळत होते आणि दोन्ही खरे होते. फसवणूक कुणाचीच नव्हती, मी तपासून पाहिलं.

मास्तरांना ओळी शिकवायला लागल्याच नाहीत. जमादारांना रोज किती माणसं होती ते वर कळवायचं असे, आणि माणसं फिरत राहिली की मोजणी चुके. म्हणून तेच ओरडायचे, “एका मागं एक उभे राहा हो! हातभर अंतर ठेवा! मले मोजता आलं पाहिजे!” आठवड्याभरात गावात अशा सरळ ओळी लागायला लागल्या, की मास्तर बिगुल खाली घेऊन बघत राहायचे. शिपायाला शाळेच्या परीक्षांचं काम लागलं तेव्हा मोठा ड्रम तसाच पडून होता. जमादारांनी दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी टोपी मोटरसायकलवर ठेवली आणि ड्रम उचलला.

“नाहीतरी इथं उभंच राहा लागते मले,” ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी बाबांना हळूच विचारलं, “गुरुजी, मोजताना मले स्वतःले धरू का सोडू?”

“धरा,” बाबा म्हणाले. “संख्या वाढते.”

मावशीनं पहिल्याच दिवशी बिगुल मागून घेतला होता. बिगुलाला बटणं नसतात, सगळा खेळ ओठांचा. ती फुंकायची, गाल फुगवायची, आणि पलीकडून फक्त वारा. “यात काही अडकलं आहे,” असं ती रोज म्हणायची. मास्तर रोज बिगुल घेऊन वाजवून दाखवायचे आणि परत द्यायचे. मग एके संध्याकाळी भाऊ पायरीवर येऊन म्हणाले, “काय मावशी, वासरू हरवलं का?” मावशीनं ओठ घट्ट मिटले, बिगुल लावला आणि असा सूर निघाला की पिंपळावरचे बगळे उठले. तेव्हापासून सूर हवा असला की मास्तर तिला म्हणायचे, “भाऊले आठव.”

डिसेंबर असा गेला. पोरी साईड ड्रमवर माझ्यापेक्षा बऱ्या झाल्या. भाऊ रोज पायरीवर यायचे, बारापर्यंत मोजायचे आणि आत जायचे. मास्तरांनी लाल टोप्या उन्हात घातल्या. बाराची चिंता त्यांना उरली नव्हती. आता कुणाला पुढे ठेवायचं आणि कुणाला मागे, ही होती.

आणि जानेवारीच्या सुरुवातीला मागणी मान्य झाली.

मी बाबांच्या बरोबरीनं वाढले. मोर्चे पाहिले, उपोषणं पाहिली, ‘लवकरच विचार करू’ ऐकलं. मागणी मान्य होताना मी पहिल्यांदाच पाहत होते. कशी होते ते कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी सातला रस्त्याच्या टोकाला दोन दिवे दिसले आणि मुक्कामी गाडी धुळीतून गावात शिरली. आम्ही तिला वाजवत आणलं. मावशीनं नारळ फोडला. बाबा गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून नुसते उभे होते. मला म्हणाले, “खरीच आहे.”

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मैदानात मास्तर, मी आणि शिंपी. साडेपाच झाले. पाण्याची घागर घेऊन मावशी समोरून चालली होती.

“मावशी, येत नाई का?” मास्तरांनी हाक मारली.

“आता कायले? गाडी आली नं!” मावशी म्हणाली. “जिंकलो आपण मास्तर. घरी जा, आराम करा.”

त्याच संध्याकाळी दुसरा घाव बसला. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरची झोपायची सोय गावानं करायची असते. भाऊंनी त्यांना पथकाच्या खोलीची किल्ली दिली. मास्तर गेले तर आत दोघं जण ड्रमच्या मधून वाट काढत अंथरूण टाकत होते. कंडक्टरनं टॉवेल बिगुलाच्या खुंटीवर टांगला होता.

“सव्वीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत सामान उचला,” भाऊ म्हणाले. “एसटीच्या माणसाले पाय लांब कराले जागा नाई.”

“बारा माणसं दाखवली तर खोली पथकाची, असं ठरलं होतं,” मी म्हणाले.

“ठरलं होतं. पण मुक्कामी गाडी कोणी मागितली?” भाऊंनी खिशातून घडी घातलेला गुलाबी कागद काढला. “मागणी क्रमांक एक. वाच. मी मागितली का?”

मास्तर आमच्या घरी आले. या वेळी ते बसले, आणि त्याचीच मला भीती वाटली.

“पोरी, दुसरी मागणी काढ.”

“कसली?”

“कोणतीही. पण अशी काढ का जे मान्य होणार नाई. निदान सव्वीस तारखेपर्यंत तरी नाई.”

बाबा आत गेले आणि जुन्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन आले. उत्साहानं एकेक चाळू लागले. “हे घे. आरोग्य केंद्रात डॉक्टर पाहिजे. मी लग्नाआधी लिहिलं होतं. हे कधीच मान्य नाही होणार. हे पाह्य, पुलाचं. हे तर अजिबातच नाही.”

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, हरावी म्हणून मागणी लिहायची नसते. गावाला डॉक्टर मिळू नये अशी आशा मनात धरून मी ‘डॉक्टर मिळालाच पाहिजे’ लिहिणार नाही. लोक खऱ्या मनानं येऊन बसतील आणि आपण मनात म्हणू की न मिळो. माझ्या हातून हे होणार नाही.

“तुयं तत्त्व ठेव तुयाजवळ,” मास्तर म्हणाले. “मले बारा माणसं दे.”

“खोटी नाही देणार.”

“माणसं कुठं खोटी असतात बाप्पा!” ते उठले. दारात थांबून म्हणाले, “चाळीस माणसं ओळीत उभी होती. माया डोयानं पाह्यली मी. तुले कागदाचं पडलं आहे.”

त्यांच्यामागे बाबा गठ्ठा बांधत बसले. मला त्यांनी एवढंच विचारलं, की मग पुलाचं पुन्हा छापायचंच नाही का.

पुढचे काही दिवस मास्तर एकटेच पाच वाजता मैदानात जायचे. जमादारही एकदा येऊन गेले. काहीच नाही का, म्हणाले. मोठ्या ड्रमचा पट्टा आता आपल्या मापाचा झाला आहे, असंही म्हणाले आणि मोटरसायकल वळवली.

इकडे गाडीला माणसं मिळेनात. थंडी होती, पहाटे सहाला मिट्ट अंधार, तांडा दूर, शेतातल्या वस्त्या त्याहून दूर. गाडी कधी निघते ते कुणाला कळायचं नाही. ड्रायव्हर हॉर्न दाबायचा तर सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज निघून गाडीपाशीच विरायचा. गाडी रिकामी जायची. कंडक्टरनं चहावाल्याला सांगितलं, असंच चाललं तर आठवड्याभरात गाडी पुन्हा बंद.

एका पहाटे ड्रायव्हरनं स्वतःच उपाय केला. खोलीत त्याच्या उशाशीच मोठा ड्रम होता. त्यानं तो उचलला, गाडीसमोर आणला आणि गाडी सुटायची वेळ झाली हे गावाला कळावं म्हणून दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली.

दोन महिने गावानं तो ड्रम ऐकला होता. त्याचा अर्थ गावाला एकच माहीत होता. घराघरातून दिवे लागले. मावशी घोंगडी पांघरून, काखेत सतरंजी घेऊन धावत आली. पोरी आल्या. तांड्यावरून बॅटऱ्यांची रांग उतरली. मी स्वेटर उलटा घालून पोचले तेव्हा अर्धं गाव एसटीसमोर सतरंज्या टाकून बसलं होतं आणि ड्रायव्हर हातातली काठी लपवत होता.

“काय झालं?” मावशी ओरडली. “गाडी बंद केली का?”

“नाही हो बाई,” ड्रायव्हर रडवेला झाला. “निघून राह्यली. कोणी येते का, म्हणून वाजवलं.”

“निघून राह्यली तर आंदोलन कायचं?”

“कोणतं आंदोलन?”

मग कुणीतरी म्हणालं, की आता उठलोच आहोत तर दारव्ह्याचं काम उरकून घेऊ, आणि गाडीत चढलं. त्याच्यामागे अजून काही जण चढले, सतरंज्यांसकट. मास्तर माकडटोपी घालून उभे होते. त्यांनी घरून निघताना बिगुल घेतला होता. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी फौजेत पहाटे जवानांना उठवायला वाजवतात ती धून वाजवली. जी मंडळी उठून, येऊन, बसून परत निघाली होती, त्यांच्यासाठी.

त्या दिवसापासून गाडीला ड्रम आणि बिगुल लागायला लागला. साडेपाचला मास्तर, मी आणि ड्रायव्हर सुरू करायचो. गाडीला आलेली माणसं उभ्या उभ्या थंडीनं कुडकुडण्यापेक्षा ड्रम गळ्यात घ्यायची. कॉलेजच्या पोरी पुस्तकांची बॅग पाठीवर, ड्रम पोटावर. मावशीला कुठं जायचं नसायचं, ती मुलीला पोचवायला यायची आणि गाडी गेल्यावरही वाजवत राहायची. भाऊंचं घर समोरच होतं, त्यामुळे सूर चांगला लागायचा. गाडी भरून जाऊ लागली. मास्तरांनी तत्त्वाचा विषय पुन्हा काढला नाही. माझ्याशी बोलायला लागले, म्हणजे माझ्यावर ओरडायला लागले.

पण खोलीचं तसंच होतं. आणि सव्वीस जानेवारीला सुट्टी. कुणालाच गाडी पकडायची नव्हती.

त्या सकाळी मास्तर टोप्यांची पिशवी घेऊन मैदानात उभे होते. त्यांनी मला दोनदा विचारलं, “येतीन का वो?” पहिल्यांदाच त्यांनी मला ‘पोरी’ सोडून मानानं ‘वो’ म्हटलं. गाडीनं सहाची वेळ कशीबशी पाळली, जवळपास रिकामी गेली. मास्तरांचा चेहरा पडला. मग कोपऱ्यावरून मावशी दिसली, काखेत सतरंजी. तिच्यामागे मुलगी, मुलीमागे तिच्या मैत्रिणी, तांड्यावरची माणसं, शिंपी, शिपाई, बाबासुद्धा झांजा घेऊन. बंदोबस्ताला आलेले जमादार गणवेशातच मोठ्या ड्रमच्या पट्ट्यात शिरले. टोप्या कमी पडल्या.

प्रभातफेरी अशी झाली की जिलेबीची हाक आली तरी कुणी वळलं नाही. आम्ही ग्रामपंचायतीसमोर थांबलो. भाऊंनी माईक घेतला, पथकाचं कौतुक केलं आणि म्हणाले, “खोलीतलं सामान आज संध्याकाळपर्यंत हलवाचं आहे, त्याले याच लोकांनी हात लावावा.”

मावशीनं सतरंजी अंथरली आणि बसली. तिच्यामागे सगळं पथक खाली बसलं. ओळी न मोडता, हातभर अंतर ठेवून.

“हे काय?” भाऊ म्हणाले.

“धरणं,” मावशी म्हणाली. “मागणी एकच. खोली पथकाची.”

“गाडी पाहिजे होती नं तुमाले? दिली नं गाडी!”

“गाडी भरते कोणामुळं? सकाळी ड्रम नसला तर गाडी पुन्हा जाईन. ड्रम ठेवाचा कुठं, माया चुलीत?”

मास्तर घामाघूम झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं पथक भरलं होतं आणि झेंड्यासमोर ते सगळं जमिनीवर बसलं होतं. “उठा!” ते ओरडले. “झेंडा आहे! नाक कापता का माझं?”

“झेंड्याले उठतो नं,” मावशी म्हणाली. “ते काय सांगा लागते?”

आणि झेंडा चढताना सगळे एका झटक्यात उठले. मास्तरांनी बिगुल वाजवला, सलामी झाली, राष्ट्रगीत झालं. मग सगळे एका झटक्यात पुन्हा बसले. इतकी चोख हालचाल त्या मैदानात कधी झाली नव्हती. जमादारांची पंचाईत झाली. ड्युटीवर असताना धरण्याला बसता येईना आणि पथकात असताना उभं राहता येईना. शेवटी ते उभे राहिले आणि ड्रम खाली बसवला.

भाऊ म्हणाले, “मंग ड्रायव्हर-कंडक्टर झोपतीन कुठं? ते सांगा!”

तेव्हा खुर्चीवरून सरपंच बाई उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून माईक घेतला. माईक खूप जवळ धरल्यामुळे पहिला शब्द फुटला, दुसरा नीट आला.

“आमच्या घरी,” त्या म्हणाल्या. “समोरची बैठकीची खोली रिकामीच राह्यते. यांच्या मीटिंगा होतात तिथं. मीटिंगा ओसरीवर होतीन. खोली पथकाची.”

भाऊंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माईक त्यांच्याकडे नव्हता.

बाबांना एकच खंत राहिली. ते अजून म्हणतात की ती मागणी लेखी द्यायला हवी होती, तोंडी मागणीला आधार नसतो. तेवढी एक मागणी मी लिहिली नव्हती.

ड्रायव्हर-कंडक्टर आता सरपंच बाईंच्या बैठकीत झोपतात आणि पहाटे भाऊंनाच त्यांना उठवावं लागतं. पथकात आता मोजावं लागत नाही. फक्त एक गोष्ट मास्तरांना सुधारता आलेली नाही. मैदानात आलं की मंडळी आधी खाली बसतात. बसल्याशिवाय त्यांना काही सुरू झाल्यासारखं वाटतच नाही. मास्तरांनी महिनाभर आरडाओरड केली, मग सोडून दिलं. आता रोज पहाटे ते बिगुल काखेत धरून, छाती काढून, कुठल्याच फौजेत नसलेला हुकूम पहिला सोडतात:

“परेड, बैठ जा!”

आणि अंधारात सगळं पथक एकदम बसतं.